गरनात्याचे दिवस, गरनात्याच्या रात्री

आपल्या घरांत स्पेनचे नाव निघाले की बोलणे लगेच इतिहासाकडे वळते. कुर्तुबा, गरनाता, अल-हमरा ही नावे आपण लहानपणापासून ऐकलेली असतात. अल्लामा इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवर त्यांनी लिहिलेली कविता उर्दू शाळांतून आजही शिकवली जाते. त्यामुळे आपल्या मनातला अंदलूस म्हणजे हरवलेली बादशाही आणि दाटून आलेला गळा.

पण आज त्याच गरनात्यात, म्हणजे स्पॅनिश उच्चाराप्रमाणे ग्रानादा शहरात, जगभरातून हजारो विद्यार्थी एका सत्रासाठी किंवा एका वर्षासाठी शिकायला जातात. त्यांत आता आपल्याकडची मुलेमुलीही दिसू लागली आहेत. त्यांच्या समोर इतिहास नंतर येतो. आधी येतो घरभाड्याचा प्रश्न, मग जेवणाचा, मग भाषेचा आणि त्यानंतर रात्रीचा. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एम.एस्सी. करत असताना २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे गेली आणि जूनअखेर परतली. तिने सांगितलेले आणि त्यानिमित्ताने मी जाणून घेतलेले असे दोन्ही या लेखात आहे. ज्या घरात असे एखादे निवडपत्र येईल, त्या घराला याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू.

एक्स्चेंज म्हणजे नेमके काय?

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याला कर्ज, दोन-तीन वर्षांचा मुक्काम आणि लाखो रुपयांची फी आठवते. एक्स्चेंज वेगळे असते. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, फी इथेच भरतो आणि करार झालेल्या परदेशी विद्यापीठात एक सत्र किंवा दोन सत्रे शिकतो. तिथे वेगळी शिक्षण-फी द्यावी लागत नाही. कोणते विषय घ्यायचे याचा लेखी करार निघण्यापूर्वीच होतो आणि तिथे मिळवलेले गुण इथल्या गुणपत्रिकेत धरले जातात.

युरोपात ही पद्धत एरास्मस या नावाने १९८७ साली सुरू झाली. हे नाव रॉटरडॅमच्या एका जुन्या विद्वानाचे आहे. आधी ती युरोपीय देशांपुरती होती. पुढे तिचा विस्तार झाला आणि भारतासारख्या देशांतील विद्यापीठांनाही करार करता येऊ लागले. अशा करारात निवड झाली तर विमानभाड्यासाठी रक्कम आणि दरमहा साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात. त्या वेळच्या दराने ८५० युरो म्हणजे ७५ हजार रुपयांच्या आसपास. ग्रानादात एका विद्यार्थ्याचा महिना एवढ्यात नीट निघतो. याचा अर्थ असा की साधारण कमाईच्या घरातले मूलही जाऊ शकते. अडतो तो बहुतेक वेळा माहितीचा अभाव आणि घरातली भीती.

एक सावधगिरी मात्र हवी. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधीकधी पोचल्यानंतर मिळतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचे भाडे, घरमालकाला द्यायची अनामत आणि जेवणखर्च एवढी रक्कम सोबत असावी लागते.

शहर आणि त्याचे विद्यापीठ

ग्रानादा फार मोठे नाही. लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात. एका बाजूला बर्फाने झाकलेला सिएरा नेवाडा पर्वत आहे. त्याच्या सर्वांत उंच शिखराचे नाव मुलासेन, आणि ते गरनात्याच्या एका सुलतानाच्या, मौलाय हसनच्या नावावरून पडले आहे. उंची जवळजवळ ३,४८० मीटर. दुसऱ्या बाजूला लाल भिंतींचा अल-हमरा. त्याच्या समोरच्या टेकडीवर अल्बाइसिन ही जुनी मुस्लिम वस्ती, पांढऱ्या घरांची आणि अरुंद दगडी गल्ल्यांची. अल-हमरा १९८४ साली आणि अल्बाइसिन १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आले.

विद्यापीठ १५३१ सालचे. पन्नास हजारांवर विद्यार्थी. युरोपात सर्वाधिक एरास्मस विद्यार्थी घेणाऱ्या विद्यापीठांत त्याची गणना होते. याच विद्यापीठाच्या ताब्यात शहराच्या मध्यभागी एक इमारत आहे, तिला आजही ‘मदरासा’ म्हणतात. सुलतान युसुफ पहिला याने १३४९ साली बांधलेला हा मदरसा. आत नमाजचे दालन आणि मिहराब अजून आहे. समोरच, चार पावलांवर, ज्या राजाराणीने १४९२ साली गरनाता घेतले त्या फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या कबरी आहेत. माझी विद्यार्थिनी म्हणाली, “टीचर, रोज त्या गल्लीतून जायचे. पहिल्या आठवड्यात थांबून बघायचे. नंतर बस पकडायची घाई असायची.”

तिचे हे वाक्य मला फार खरे वाटले. इतिहासाच्या शहरातही शेवटी बस पकडावी लागते.

दिवस कसा जातो

विद्यार्थी बहुधा वसतिगृहात राहत नाहीत. तीन-चार जण मिळून एक फ्लॅट घेतात. प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सर्वांचे. एका खोलीचे भाडे जागेप्रमाणे अडीचशे ते चारशे युरो. भाड्याला तिथे ‘आल्किलेर’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल-किरा’वरून आला आहे, म्हणजे आपल्या ‘किराया’चा सख्खा भाऊ. स्पॅनिश भाषेत असे शब्द पावलोपावली भेटतात. साखर ‘आसुकार’, तांदूळ ‘आर्रोस’, केशर म्हणजे जाफरान ‘आसाफ्रान’, संत्रे ‘नारांखा’, आणि शहराचा महापौर ‘आल्काल्दे’, म्हणजे मूळचा अल-काजी. ‘असे होवो’ म्हणायचे असेल तर स्पॅनिश माणूस ‘ओखाला’ म्हणतो. त्यात अल्लाहचे नाव आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. उर्दू येणाऱ्या मुलाला ही भाषा लवकर जवळची वाटते.

वर्ग सकाळी साडेआठपासून असू शकतात. शिक्षकांना नावाने हाक मारतात, ‘सर’ नाही की ‘मॅडम’ नाही. आपल्या मुलांना याचा पहिले पंधरा दिवस संकोच होतो. सत्राला ३० क्रेडिटचा अभ्यास असतो आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. गुण दहापैकी मिळतात, पाचला पास. पण सगळे वजन शेवटच्या परीक्षेवर नसते. हजेरी, छोटी सादरीकरणे, प्रयोगवही, गटाने केलेले काम यांचे गुण वर्षभर जमा होत राहतात. हे लक्षात ठेवावे, कारण रात्रीच्या प्रश्नाचा खरा संबंध याच्याशी आहे.

दुपारी दोनला शहर थांबते. लहान दुकाने बंद होतात ती पाचपर्यंत. लोक दोन ते साडेतीनच्या दरम्यान जेवतात आणि थोडे पडतात. याला सिएस्ता म्हणतात. नाव लॅटिन आहे, पण आपल्याला कैलूला माहीत असल्याने त्याचे नवल वाटत नाही. आणखी एक सोय अशी की स्पेनचे घड्याळ सूर्याच्या मानाने बरेच पुढे आहे. जोहरची वेळ हिवाळ्यात सव्वा वाजल्यानंतर आणि उन्हाळ्यात सव्वादोननंतर सुरू होते. म्हणजे जुमा नेमका जेवणाच्या सुट्टीत येतो.

हिवाळ्याची कल्पना आपल्याला नसते. दक्षिण स्पेन म्हणजे उबदार असे समजून मुले पातळ स्वेटर नेतात. ग्रानादा डोंगरालगत आहे आणि फेब्रुवारीत रात्री पारा शून्याजवळ येतो. जुन्या घरांत भिंती थंडगार. तिथे गोल टेबलावर जमिनीपर्यंत येणारे जाड कापड टाकतात आणि टेबलाखाली शेगडी ठेवतात. पूर्वी कोळशाची असे, आता विजेची असते. कापड मांडीवर ओढून चौघे बसले की पाय गरम. अभ्यास, जेवण, गप्पा सगळे त्या टेबलाभोवती. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिची खरी ओळख इटलीच्या आणि जर्मनीच्या मैत्रिणींशी झाली ती त्या टेबलापाशी.

ताटात काय?

स्पेनमध्ये डुकराचे मांस सर्वत्र आहे आणि ते मांस म्हणून मोजलेही जात नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळते. ‘यात मांस आहे का?’ असे विचारले तर वाढपी ‘नाही’ म्हणतो आणि वरून हॅमचे तुकडे भुरभुरून आणतो. मसुरीच्या आमटीत सॉसेजचा तुकडा असतो. थंड टोमॅटो सूपवर हॅम असतो. म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: ‘सिन सेर्दो?’ म्हणजे डुकराविना आहे ना? आणि ‘सिन खामोन?’ म्हणजे हॅमविना? तिने हे दोन प्रश्न विमानात बसण्यापूर्वीच पाठ केले होते.

उपाशी राहायची वेळ मात्र येत नाही. शहरात मोरोक्कोचे लोक बरेच आहेत. ग्रानादा विद्यापीठाची दोन केंद्रे तर समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सेउता आणि मेलिया या शहरांत आहेत. त्यामुळे हलाल मांसाची दुकाने मिळतात. बटाटा-अंड्याचे जाड आम्लेट, मासे, काबुली चणे, मसूर, ऑलिव्ह, ताजी भाजी सर्वत्र मिळते. विद्यापीठाच्या भोजनगृहात थोडक्या युरोत पूर्ण ताट मिळते, त्यात रोज काय आहे ते आधी वाचून जायचे. जिरे आणि केशर तिथल्या स्वयंपाकातलेच. तिने घरून फक्त लाल तिखट, हळद आणि प्रेशर कुकरची शिट्टी एवढेच नेले होते, असे ती हसत सांगते. कुकर तिथे मिळाला, पण तो शिट्टी न देणारा निघाला.

आता रात्र

तिची अम्मी मला शाळेत भेटायला आली होती, निवड झाली त्या आठवड्यात. कागद, पैसे, कपडे यांचे काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, “दिन की फिकर नहीं टीचर, रात की है.”

ही फिकर खोटी नाही, म्हणून रात्रीविषयी स्पष्ट लिहिते.

ग्रानादात रात्र उशिरा सुरू होते. लोक नऊ-दहाला जेवतात. बारमध्ये पेय मागवले की त्यासोबत खाण्याची एक छोटी बशी मोफत येते, तिला तापा म्हणतात. स्पेनच्या बऱ्याच शहरांत ती विकत घ्यावी लागते, इथे पेयाबरोबरच मिळते. विद्यार्थी तीन ठिकाणी तीन पेये घेतात आणि जेवण उरकते. म्हणून विद्यार्थ्यांची संध्याकाळ बारशी जोडलेली असते. बारा वाजले की तरुण मंडळी पेद्रो आंतोनिओ दे आलार्कोन या रस्त्याच्या आसपास दिसतात. डिस्कोथेक खऱ्या अर्थाने भरतात ते एक-दोननंतर आणि पहाटे सहापर्यंत चालतात. गुरुवार ही विद्यार्थ्यांची खास रात्र. स्पॅनिशमध्ये गुरुवार ‘हुएवेस’ आणि शुक्रवार ‘बिएर्नेस’, दोन्ही मिळून मुलांनी ‘हुएर्नेस’ असा शब्द बनवला आहे. बाहेरची दारू महाग, म्हणून बाटल्या विकत आणून घोळक्याने मोकळ्या जागेत पिण्याची एक रीतही आहे, तिला बोतेयोन म्हणतात. ग्रानादात यासाठी एक मोकळे मैदानच ठरलेले होते, ते २०१६ साली बंद झाले. आता रस्त्यावर पिण्याबद्दल दंड होतो, तरी फ्लॅटमध्ये तेच चालते. दारूसाठी कायदेशीर वय १८. म्हणजे एक्स्चेंजला गेलेल्या कोणालाही कायद्याने अडवणारे कोणी नाही, आणि घरचेही कोणी नाही.

एरास्मसची मौजमजेची ख्याती युरोपातही आहे. युरोपीय आयोगाच्या २०१४ च्या अभ्यासात असे आढळले की अशा विद्यार्थ्यांपैकी २७ टक्क्यांना आपला जोडीदार त्या परदेशी मुक्कामातच भेटला. पालकांनी हे वाचून दार लावून घ्यावे असे मी म्हणणार नाही. पण तिथे काहीच घडत नाही असे सांगणेही बरोबर नाही. तिथे गेलेली काही मुस्लिम मुलेही पितात, आणि हे फक्त स्पेनमध्येच होते असेही नाही.

मात्र त्या रात्रीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्पेनमध्ये रात्र फक्त पिणाऱ्यांची नसते. रात्री दहा-अकराला चौकात आजी-आजोबा बाकावर बसलेले असतात, लहान मुले चेंडू खेळत असतात, बाया मुलांच्या गाड्या ढकलत गप्पा मारत असतात. दाऱ्रो नदीच्या काठाने, अल-हमराच्या खालून जाणारा रस्ता संध्याकाळी माणसांनी भरलेला असतो. अल-हमराचे नसरी महाल ठरावीक दिवशी रात्रीही दाखवतात. दिव्याच्या उजेडात भिंतीवरचे ‘वला गालिब इल्लल्लाह’ हे शब्द वाचणारी ती त्या गटात एकटीच होती. बाकीच्यांसाठी ती नक्षी होती, तिने अर्थ सांगितल्यावर सगळे पुन्हा वळून पाहू लागले. अल्बाइसिनच्या पायथ्याला काल्देरेरिया नावाच्या गल्लीत चहाची दुकाने आहेत, त्यांना तेतेरिया म्हणतात. पुदिन्याचा मोरोक्कन चहा, खजुराची मिठाई, खाली बैठका. तिथे दारूची गरज नसते आणि रात्री उशिरापर्यंत बसता येते.

तिने केलेली तोड अशी होती. मैत्रिणींसोबत संध्याकाळी बाहेर पडायचे. बारमध्ये ‘मोस्तो’ मागवायचा. हा न आंबवलेला द्राक्षरस, तिथे सर्रास मिळतो आणि त्यावरही तापा येतो. बिनदारूची बिअर मात्र घ्यायची नाही, कारण तिच्यातही अल्कोहोलचा अंश असू शकतो. डिस्कोकडे जायचे ठरले की निरोप घ्यायचा. ‘नो बेबो’, मी पीत नाही, हे दोन शब्द तिने पहिल्याच दिवशी हसून आणि स्पष्ट सांगितले. ती म्हणते, “एकदा सांगितले की संपते, टीचर. रोज नवे कारण देत बसलात तर रोज आग्रह होतो.” जर्मन मैत्रिणीने तर पुढे तिच्यासाठी बशीत हॅम नको असे स्वतःच सांगायला सुरुवात केली.

पण हे सगळे सोपे होते असे ती म्हणत नाही. गुरुवारी रात्री बारा वाजता फ्लॅट रिकामा होई. तिघी हसत जिना उतरत आणि ही टेबलाखाली पाय घालून एकटी बसे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गप्पांत अशा गोष्टी असत ज्या हिला माहीत नसत. पहिले सहा आठवडे फार जड गेले. ‘एकदा जाऊन नुसते बघायला काय हरकत’ असेही मनात येऊन गेले, हे तिने लपवले नाही. नाही म्हणण्याची किंमत एकटेपणात मोजावी लागते. आपण मुलांना नाही म्हणायला शिकवतो, पण त्यानंतरच्या रिकाम्या खोलीत काय करायचे ते शिकवत नाही.

फज्रच्या वेळेचा हिरवा ठिपका

इथे एक गोष्ट घडत होती. भारताचे घड्याळ स्पेनच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. अम्मी फज्रला साडेपाचला उठे तेव्हा ग्रानादात रात्रीचा एक वाजलेला असे. मोबाइलवर मुलीच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसे. रात्री एकला जागी, म्हणजे कुठे? अम्मीने विचारले नाही, पण नमाजनंतर मन लागत नसे. महिनाभराने आवाज चढला. मुलगी रडली. ती त्या वेळी प्रयोगवही पूर्ण करत असे, किंवा एकटीच जागी असे, आणि घरून फोन येईल म्हणूनच फोन उघडा ठेवत असे.

मग दोघींनी ठरवले. रविवारी आणि बुधवारी ठरलेल्या वेळी बोलायचे, तिच्या दुपारी चारला, म्हणजे इथे रात्री साडेआठला. बाहेरून परतले की ‘पोचले’ एवढा संदेश. बाकी वेळी ठिपक्याकडे पाहायचे नाही. हे साधे वाटते, पण दोन्हीकडची झोप त्यानेच परत आली.

या जागी पालकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. हाच ठिपका मुलाच्या नावापुढे दिसला असता तर? आमच्या भागातली मुलेही शिकायला आणि नोकरीला बाहेर असतात. त्यांना ‘रात्री कुठे होतास?’ असे किती घरे विचारतात? हराम जे आहे ते दोघांनाही सारखेच आहे. फिकर असेल तर दोघांची असावी, आणि भरवसा ठेवायचा तर तोही दोघांवर.

रमजानच्या रात्री

२०२४ साली रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला, आणि तिच्या रात्रींना आधार मिळाला. अल्बाइसिनच्या माथ्यावर, सान निकोलास चौकाला लागून, ग्रानादाची मोठी मशीद आहे. ती २००३ साली उघडली. पाचशे वर्षांनंतर या शहरात अशी मशीद उभी राहिली. तिच्या बागेतून समोर पूर्ण अल-हमरा दिसतो. सान निकोलास चौकात पर्यटकांची गर्दी आणि गिटार, आणि भिंतीपलीकडे अजान.

तिथे तिला मोरोक्कोच्या, सेनेगलच्या आणि स्पॅनिश मुस्लिम बाया भेटल्या. हरीरा नावाचे मसूर-चण्यांचे सूप, खजूर, दूध असा इफ्तार. ३१ मार्चला घड्याळे एक तास पुढे गेली आणि इफ्तारची वेळ एका दिवसात साडेसातवरून साडेआठच्या पुढे सरकली. रोजा तेवढाच होता, पण घड्याळ पाहून पोट दचकले. त्याच आठवड्यात ख्रिश्चनांचा पवित्र सप्ताह होता. स्पेनमध्ये त्या दिवसांत रात्री मोठमोठ्या मिरवणुका निघतात. त्या वर्षी अंदालुसियात पाऊस पडून त्यांतल्या बऱ्याच रद्द झाल्या. एका शहरात एकीकडे ढोल-ताशांसह निघणारी मिरवणूक आणि दुसरीकडे तरावीह. तिच्या फ्लॅटमधली इटालियन मैत्रीण एक दिवस रोजा ठेवून इफ्तारला आली. गुरुवारी रिकामा होणारा फ्लॅट आता तिला तितका रिकामा वाटेनासा झाला होता.

ईद बुधवारी आली, १० एप्रिलला. ग्रानादात त्या दिवशी सुट्टी नसते. पण स्पेनमध्ये १९९२ साली एक कायदा झाला आहे, तो आपल्या पालकांना माहीत असावा. सरकार आणि तिथल्या मुस्लिम संघटनांचे मंडळ यांच्यातील करारावर तो आधारलेला आहे. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांतील मुस्लिम विद्यार्थ्याला, त्याने मागणी केल्यास, शुक्रवारी दुपारी दीड ते साडेचार या वेळेत आणि दोन्ही ईदला वर्गातून व परीक्षेतून सूट मिळते. १४९२ नंतर नेमक्या पाचशे वर्षांनी झालेला हा कायदा आहे. मात्र सूट आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. तिने आठवडाभर आधी शिक्षकांना लिहून कळवले आणि प्रयोगाचा दिवस बदलून घेतला.

त्याच शहरात दरवर्षी २ जानेवारीला गरनाता जिंकल्याचा दिवस नगरपालिकेतर्फे साजरा होतो, ध्वज फडकवला जातो, आणि त्याला विरोध करणारे स्थानिक स्पॅनिश लोकही त्याच चौकात जमतात. देश एका रंगाचा नसतो, हे मुलांना जाण्यापूर्वी सांगितलेले बरे.

खरा धोका कुठे आहे

पाच महिन्यांत तिने काही मुलांना मागे पडताना पाहिले. त्यांत निम्मे दारू न पिणारेही होते. कारण एकच, पहाटे झोपणे आणि साडेआठचा वर्ग चुकणे. गटाने करायच्या कामात आपला वाटा राहतो, हजेरीचे गुण जातात, आणि मेमध्ये लक्षात येते की ३० पैकी १२ क्रेडिट हातचे गेले. मग शिष्यवृत्तीचा आणि इथल्या गुणपत्रिकेचा प्रश्न उभा राहतो. म्हणून मुलाला ‘रात्री कुठे होतास?’ याइतकेच ‘सकाळच्या वर्गाला होतास का?’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तपासता येते.

जाण्यापूर्वी घरात बसून ठरवण्याच्या काही गोष्टी अशा:

• निदान सहा महिने आधी भाषा शिकायला घ्यावी. ग्रानादात इंग्रजीवर भागत नाही, आणि तिथले लोक शब्दांच्या शेवटचा ‘स’ गिळतात.

• घर घेण्यापूर्वी फ्लॅटमध्ये कोण राहते, पाहुण्यांचे नियम काय आहेत, रात्री पार्ट्या होतात का, हे लेखी विचारावे. फक्त फोटो पाहून अनामत पाठवू नये.

• मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पोचल्यावर महिन्याच्या आत पोलिसांकडे ठसे देऊन परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र काढावे लागते.

• संकटात ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपात मोफत चालतो. रात्री परतताना एकटे असाल तर टॅक्सीचे पैसे वाचवू नका. पेयाचा ग्लास टेबलावर सोडून उठू नका, मग तो द्राक्षरसाचा असला तरी.

• मशीद, हलाल दुकान आणि एखादे ओळखीचे कुटुंब यांचा पत्ता पहिल्याच आठवड्यात शोधावा. एकटेपण आल्यावर शोधायला अंगात बळ राहत नाही.

• बोलण्याची वेळ ठरवावी आणि दोन्ही बाजूंनी पाळावी.

तिचे ३० क्रेडिट पूर्ण झाले. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि इशा होईपर्यंत सव्वाअकरा वाजून जातात. शेवटच्या महिन्यात ती परीक्षेचा अभ्यास करत इशापर्यंत जागायची आणि मग झोपायची. अम्मीने त्या महिन्यात एकदाही ठिपक्याचा विषय काढला नाही.

महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली ज्यांच्या घरात आहेत त्यांनी एवढे करावे. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन विचारावे की कोणकोणत्या परदेशी विद्यापीठांशी करार आहे, कोणत्या शाखेसाठी आहे आणि अर्ज कधी निघतात. हे अर्ज बहुधा सत्र सुरू होण्याच्या बरेच महिने आधी निघतात आणि सूचना फलकावर थोडेच दिवस राहतात. पासपोर्ट तयार नसेल तर आधी तो काढून ठेवावा. रात्रीविषयी जे बोलायचे ते अर्ज भरण्यापूर्वी, मुलासमोर आणि मुलीसमोर, दोघांसमोर मोकळेपणाने बोलावे.